हळदी शालीची परीक्षा

सन दोन हजार चोवीस, नोव्हेंबर महिना, कार्तिकाचा पहिला पंधरवडा. दिवाळीचा फराळ संपून डब्यांच्या तळाशी नुसता चुरा उरला होता, रानात ज्वारी वीतभर वर आली होती आणि पहाटे अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटावे इतका गारवा पडू लागला होता. अशा एका सकाळी अणदूरचे उमाशंकर गुरुजी, एकतीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवून सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालेले, दूध आणायला म्हणून घराबाहेर पडले आणि लोकरीचे पोते घेऊन परत आले.

वाटेतल्या शेतात बजरंग धनगराच्या मेंढ्यांची कातरणी चालली होती. गुरुजी पाच मिनिटे पाहत उभे राहिले, आणि तेवढ्यात त्यांचा निश्चय झाला.

"हे काय?" त्यांच्या पत्नीने, महेश्वरीबाईंनी, विचारले.

"लोकर. आपल्या शिवप्रियाच्या बाळासाठी शाल करायची. सूत मी कातणार, रंगही मीच देणार."

"बाळ यायला दोन महिने आहेत. दूध आत्ता पाहिजे."

(दूध राहिलेच होते. ते आणायला गुरुजी पुन्हा गेले, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे.)

बजरंगची आई द्वारकाबाई हिने आपला जुना चरखा दिला आणि अंगणात बसून शिकवणीही सुरू केली. पहिल्या आठवड्यात गुरुजींचा धागा कुठे सुतळीएवढा जाड, तर कुठे दिसेनासा होई.

"गुरुजी, धागा वढायचा नस्तो, त्यो आपसूक येतो," ती म्हणे. "तुमी त्येला फळ्याजवळ बोलावल्यावानी वढायलाव."

रंगाचे प्रकरण त्याहून कठीण निघाले. पोत्यातली निम्मी लोकर काळी होती. ती गुरुजींनी हळदीच्या पाण्यात दोन तास उकळली. लोकर काळीच राहिली. पुरणाचे पातेले मात्र आतून बाहेरून पिवळे झाले. पुढे तुरटी घालून पांढरी लोकर उकळली, तेव्हा झेंडूसारखा सुरेख रंग आला, आणि गुरुजींचा आत्मविश्वास इतका वाढला की तो घरात मावेना. लोकर तर त्याआधीच मावत नव्हती. ती पोह्यांत सापडे, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेली सापडे. एकदा पूजा आटोपून गुरुजी बाहेर आले, तेव्हा कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांपैकी मधल्या पट्टीला चांगला बोटभर पिवळा झुपका चिकटलेला होता आणि त्याच अवस्थेत ते बँकेत जाऊन आले होते.

अशातच कर्नाटकातल्या आळंदहून विहीणबाईंचा, म्हणजे शिवप्रियाच्या सासूबाई मल्लम्मांचा, फोन आला. त्यांचे माहेर कानडी आणि मराठी बोलणेही त्याच चालीचे. व्याह्यांना त्या कानडी पद्धतीने 'बीगर' म्हणत.

"बीगर, बाळंतविड्यात काय काय घालणार?"

"यंदा बाजारातलं काही नाही," गुरुजी म्हणाले. "हाताने कातलेली, घरच्या हळदीत रंगवलेली शाल. बारशाच्या दिवशी तुमच्याच हातात देतो."

"आमच्या आळंदात असलं कुणी करत नाही बघा," मल्लम्मा म्हणाल्या. हे कौतुक की काळजी, हे गुरुजींना कळले नाही. महेश्वरीबाईंना कळले.

"आता ऐका," फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या. "बारशाला विहीणबाईंच्या हातात बघण्याजोगं काही पडलं, तर चरखा माजघरात राहील. माझी मान खाली गेली, तर दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंकडे परत. मग तुम्ही पूर्वीसारखं वर्तमानपत्र वाचत बसा."

गुरुजी घाबरले, आणि ते उगीच नव्हे. निवृत्तीनंतरचे सहा महिने त्यांनी वर्तमानपत्र निविदा-सूचनांसकट वाचून काढले होते आणि रोज अकराला शाळेची घंटा ऐकू आली की नकळत उठून पायांत चपला घातल्या होत्या. चरखा घरात आल्यापासून घंटा कधी होते, हे त्यांना समजत नव्हते. ही गोष्ट त्यांनी पत्नीला सांगितली नव्हती. चपलांचा आवाज थांबला, तेव्हाच ती महेश्वरीबाईंना समजली होती.

म्हणूनच जानेवारीत शिवप्रियाला मुलगी झाली आणि सुताचे गुंडे तयार झाले, तेव्हा विणायच्या सुया महेश्वरीबाईंनीच हातात घेतल्या. "हा धागा आहे की नाल्यातली मुळी," असे म्हणत म्हणत त्यांनी वीस दिवस शाल विणली. ती खरोखर देखणी झाली. एकच उणीव होती, आणि ती बारशाच्या आदल्या दिवशी त्यांनीच बोलून दाखवली.

"शाल चांगली झाली. पण मेंढी अजून आत आहे. वास येतो."

एवढे बोलून त्या बारशाची बोलावणी करायला गेल्या. आत शिवप्रिया आणि बाळ झोपलेले. गुरुजींनी शालीचा वास घेतला, दोन शिंका दिल्या आणि आयुष्यातला एक छोटासा निर्णय घेतला. त्यांनी शाल वॉशिंग मशीनमध्ये घातली, स्वच्छतेत हयगय नको म्हणून साबणाची पूड दुप्पट टाकली, आणि 'गरम पाणी' व 'जास्त मळके' ही दोन्ही बटणे दाबली.

दहा मिनिटांनी काचेच्या दारातून पाहतात, तर आत कुंकू कालवल्यासारखा लाल फेस फिरत होता. दार उघडेना. मशीनने आपला कार्यक्रम पाऊण तास चालू ठेवला आणि शेवटी आनंदाने शीळ घातली.

जी वस्तू बाहेर आली ती विटकरी होती, बोटभर जाड होती आणि जेवायच्या पाटाएवढी होती.

महेश्वरीबाई आल्या. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, उजेडात धरली.

"माझे टाके कुठं गेले?"

"आहेत," गुरुजी म्हणाले. "आत आहेत."

त्यानंतर त्या दिवशी बाळ रडले तेही बेतानेच.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले. द्वारकाबाई आली, बजरंग आला, आणि गुरुजींचा जुना विद्यार्थी अमरसिंह, ज्याचे सास्तूरला औषधांचे दुकान आहे, तोही आला. मल्लम्मांनी पाळण्याजवळ बैठक मारली आणि हात पुढे केला.

"शाल कुठं आहे, बीगर?"

गुरुजींनी ती वस्तू त्यांच्या हातात ठेवली आणि नजर जमिनीवर. मल्लम्मांनी एक टोक धरले. ती वाकली नाही.

"ही अंगावर कशी घ्यायची?"

तेवढ्यात द्वारकाबाई पुढे झाली, तिने त्या वस्तूवर दोन थापट्या मारल्या आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"ह्ये पांघरायचं न्हाय, बाई. ह्येला जेन म्हंत्यात. बसायला, निजायला. आमी गरम पानी शिपडून दोन दिस पायानं तुडीवतो, तवा लोकर अशी जमती. गुरुजी, तुमी कशानं तुडीवलं?"

"मशीनने," गुरुजी पुटपुटले. "पाऊण तास."

"लई घट्ट जमलंय," बजरंग मनापासून म्हणाला.

मल्लम्मांनी जेन पुन्हा हातात घेतले. "रंग शुभ आहे. गारठ्यात बाळाच्या खाली बरं." आणि त्यांनी नातीला त्यावर निजवले. महेश्वरीबाईंची कालपासून खाली गेलेली मान वर आली.

नातीने मात्र जराही विलंब न लावता जेन ओले केले. लाल जेनावर हळूहळू एक गोल पिवळा डाग उमटला. बायका डागाकडे पाहू लागल्या. गुरुजी पुढे सरसावले. एकतीस वर्षांची सवय.

"घाबरू नका. साबण अल्कधर्मी, त्यामुळे हळद लाल झाली. बाळाचं हे किंचित आम्लधर्मी, म्हणून ती पुन्हा पिवळी होते आहे. अगदी साधा प्रयोग आहे. आठवीच्या..."

ते मध्येच थांबले.

"आठवीच्या पुस्तकातला," अमरसिंहाने अदबीने वाक्य पूर्ण केले. "सर, हळदीच्या कागदाला साबण लावला तर काय होतं, हे मला सांगता आलं नव्हतं. तुम्ही मला दोन तास बाकावर उभं केलं होतं."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिले. महेश्वरीबाई शांतपणे उठल्या, ओसरीतला बाक ओढून त्यांनी पाळण्याशेजारी आणला आणि त्यावरची धूळ पदराने पुसली.

"चरखा माजघरात राहील," त्या म्हणाल्या. "मशीनला मात्र हात लावायचा नाही. आता चढा. पाळण्याची वरची दोरीही सैल झाली आहे, तेवढी आवळा."

अशा रीतीने रविवार, दिनांक नऊ फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी, माघातल्या उन्हात, विहीणबाई, माजी विद्यार्थी आणि ओल्या जेनावरची नात यांच्या समक्ष निकाल लागला. चरखा उत्तीर्ण झाला, आणि नाव ठेवून होईपर्यंत गुरुजी बाकावर उभे होते.