इफीची जिन आणि पडलेला वारा

"पहिल्याच घोटात तो हॉटेलवाला खुर्चीवरून खाली येणार, बघच तू!" इफी मॅकास्किलने जाहीर केलं. तिच्या नवऱ्याने, टॉर्मडने, चहाच्या कपात तोंड खुपसलं.

स्काय बेटावरच्या जुन्या गोठ्यात इफीने जिन गाळायला तांब्याची भट्टी मांडली होती. जिनमध्ये हीथरची फुलं होती, जुनिपरची फळं होती, पण तिचा खरा जीव दलदलीतल्या मर्टलवर! तिने ती झुडपं अशी ओरबाडली, की वाडीत औषधालाही डहाळी उरली नाही.

"अगं इफी, आम्ही चिलटं पळवायला अंगाला काय चोळायचं?" शेजारची पेगी कळवळली.

"एक उन्हाळा खाजव की गं! इथे इतिहास घडतोय!"

हॉटेलमालक डालरिम्पलसाहेबांनी मागणी दिली तर भट्टी चालणार होती. नाहीतर इफी परत मासळीच्या कारखान्यात, सामनची आतडी उपसायला!

तिने टेबल बाहेर, थेट पाण्याकाठी मांडलं. तेवढ्यात वारा पडला.

"बघ! माझ्यासाठी वारासुद्धा श्वास रोखून उभा राहिला!"

"वारा पडला म्हणजे चिलटं येणार, बाई. आत बसा," टॉर्मड म्हणाला.

"आणि साहेबांना काय गोठ्याची भिंत दाखवू?"

चव बघायला आलेल्या साहेबांनी डोळे मिटून पहिला घोट घेतला. आणि एकदम टाळ्या वाजवायला लागले! इफी लाजून कमरेत वाकली. "इतकं काय हो त्यात!" मग साहेबांनी स्वतःच्याच थोबाडीत मारली. पुन्हा मारली! इफीने वर पाहिलं, तर साहेबांच्या डोक्याभोवती चिलटांचा काळा ढग!

"टॉर्मड, मर्टल आण! पळ!"

"कुठून आणू? सगळं तुझ्या बाटलीत आहे!"

हे ऐकताच साहेबांनी बाटली उचलली आणि डोक्यावर उपडी केली! जिन कानांतून, मिशांतून ओघळली. ढग जरा घुटमळला आणि मुकाट टॉर्मडकडे वळला.

साहेबांनी ठिबकता चेहरा पुसला. मग म्हणाले, "बाई, दोनशे बाटल्या पाठवा."

इफीने किंकाळीच फोडली! "कुठल्या बारमध्ये ठेवणार, साहेब?"

"बारमध्ये? छे हो, पिववत नाही ती! बागेत ठेवू, पाहुण्यांना माना-पोटऱ्यांवर चोळायला." साहेबांनी मिशी पिळली. "आणि बुचाऐवजी फवारा बसवता येईल का?"