जिनिंगच्या काट्यावरचे गुणवंतराव

गुणवंतराव माणसाला नमस्कार करत नसत. त्याचं वजन सांगत.

मी मूर्तिजापूरच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. सामान अजून दारातच होतं, तोच कुंपणापलीकडून आवाज आला, "मास्तर, तुमी दीड मणाचे असान. याच्या खाली उतरू नका." मी हसलो. पुढे खानावळीच्या जेवणानं सुकलो, तेव्हा हा गृहस्थ येता-जाता माझ्या गालांकडे असा बघायला लागला, की माझं मलाच काही खरं वाटेना.

ते कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या तोलायच्या हा पोटाचा धंदा, आणि रविवारी सगळ्या गल्लीला त्याच काट्यावर उभं करायचं हा जिवाचा. अत्तरवाले करीमचाचा शेरवानीसकट चढायचे, मग गुणवंतराव अंदाजानं शेरवानी वजा करायचे. सरकारनं किलो आणले, तरी माणसं ते शेरातच मोजत. एखाद्याचं वजन उतरलेलं दिसलं, की त्यांचा चेहरा त्याच्याहून जास्त उतरायचा. म्हणायचे, "छातीत काही शिजून तं नाही राहिलं?"

क्षयाचं नाव ते घेत नसत. त्यांचे वडील आणि दोघे थोरले भाऊ त्यानंच गेले होते, सुया-औषधं निघण्याच्या आधी. मधल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, नवऱ्याच्या उशाशी बसून राहिल्या, त्याचं उष्टं खाल्लं, आणि त्यांना साधा ठसकाही लागला नाही. यावरून गुणवंतरावांनी आपला सिद्धांत बसवला होता.

"कपाशीले मर लागते पाहा. एकच वावर, एकच पानी. एक वाण उभ्यानं सुकते, बाजूचं हिरवंगार. वयनी बाहेरची सरकी, म्हून वाचली. आमचं वाणच मर लागणारं."

"लग्न का नाही केलंत?" मी एकदा विचारलं.

"खराब सरकी कोन पेरते, मास्तर?"

वहिनी आणि त्यांची मुलगी कमल आतल्या घरात, हे ओसरीवर. पेला वेगळा, ताट वेगळं, बसणं उंबऱ्याबाहेर. कमल रांगत जवळ आली की हे उठून अंगणात जायचे, असं वहिनी सांगायच्या. आपल्याला कधीही मर लागेल, या धास्तीनं तिला त्यांनी कधी उचलून घेतलं नाही. मात्र उभी राहायला लागल्यापासून दर रविवारी ती काट्यावर. "आदी वयनीची सरकी, आदी आमची," ते म्हणत. "कोनती उगवली, कोन सांगन?"

कमल लग्नाची झाली तेव्हा ते तिला आणि मला घेऊन अकोल्याला एका डॉक्टरांकडे गेले. छातीचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टर भले होते. म्हणाले, रोग रक्तातून येत नाही, जंतूपासून येतो. पण जंतू अंगात गेलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही. त्याच्याशी झुंजायची ताकद कुणात कमी, कुणात जास्त. त्यातली थोडी आईबापांकडूनही येत असावी. कुणाच्या वाट्याला काय आलं, हे दाखवणारं यंत्र मात्र अजून निघालेलं नाही.

परत मूर्तिजापूरला गाडीतून उतरताना गुणवंतराव म्हणाले, "म्हंजे डाक्टरलेबी मालूम नाही." ते त्या दिवशी जेवले नाहीत.

तेल्हाऱ्याचं स्थळ आलं. वहिनींनी बजावलं होतं, "भाऊजी, तोंड उघडू नका." घरात क्षय होता असं कळलं की लोक पोहे टाकून उठत, हे त्यांनी पाहिलं होतं. पोहे झाले, मुलगी दाखवली. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "घरात काही दुखनं-खुपनं?" वहिनींचा हात पदरावर थांबला.

"माहे वडील अन् दोन भाऊ," उंबऱ्यावरून गुणवंतराव म्हणाले. "छातीनंच गेले."

मुलाच्या वडिलांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "माही माय बी त्यानंच गेली."

मी सुटकेचा श्वास टाकला. पण गुणवंतराव ताडकन उठले. "मंग नाही जमत. दोनीकडून तेच वाण? लेकराच्या वाट्याले काय येईन?"

वहिनी रडायच्या बेतात आल्या. तेव्हा कमल बोलली. दाखवायला बसवलेल्या मुलीनं बोलायची पद्धत नव्हती.

"काका, बाबा तुमचेच भाऊ होते. एकाच ताटात जेवले तुमी. मंग तुमाले काऊन नाही झालं?"

साऱ्या गल्लीचं वजन केलेल्या गुणवंतरावांनी आपण स्वतः धडधाकट राहिलो, हे त्या हिशेबात कधी धरलंच नव्हतं.

"पोरगी पसंत आहे," मुलाचे वडील म्हणाले. "पोराचाबी फोटो काढून घेऊ. दवाखाना काही दूर नाही."

संध्याकाळी गुणवंतराव कुंपणापाशी आले. "मास्तर, मी उगाच भिऊन राहिलो काय इतके वर्स?" याचं उत्तर सांगणारं यंत्रही अजून निघालेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, एवढंच सांगतो.

मुलाचाही फोटो स्वच्छ आला, लग्न झालं, पुढच्या वर्षी कमल बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगी झाली. बाळ बाहेर नेण्याजोगं झालं, तेव्हा एका रविवारी आम्ही सगळे जिनिंगमध्ये गेलो. गुणवंतरावांनी काटा पुसून, त्यावर धुतलेलं धोतर घडी करून अंथरलं होतं, आणि स्वतः नेहमीसारखे चार हात लांब उभे होते. कमल काट्याकडे गेलीच नाही. ती सरळ त्यांच्यासमोर गेली आणि बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं.

ते मागे सरकले, पण हात मागे घेता येईनात. तोंड एका बाजूला वळवून, श्वास धरून उभे राहिले. बाळानं त्यांच्या सदऱ्याची गुंडी पकडली, तेव्हा कुठे खाली पाहिलं.

"किती भरली, काका?" कमलनं विचारलं.

नुसत्या नजरेनं माणूस तोलणाऱ्या गुणवंतरावांनी बाळ हातांवर अलगद तोलून पाहिलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"अंदाज नाही येऊन राहिला, कमल," ते म्हणाले. "राहू दे थोडा वेळ."