कपाटामागचा पॉइंट

दुपारी एकच्या सुमाराला घरातले पंखे तिसऱ्यांदा थांबले आणि नव्या बोर्डासमोर स्टुलावर उभा असलेला वायरमन कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, आता मात्र माझी अब्रू जायची वेळ आली."

सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, गणिताचे. वायरमन त्यांचाच विद्यार्थी. स्वतःचे केस पिकायला लागले तरी त्यांच्यासमोर खिशातले हात बाहेर काढून बोलणारा. घर चाळीस वर्षांपूर्वी सरांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, वायरिंगही त्यांच्याच देखरेखीखाली झालेलं. त्यामुळे त्याला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. फ्रिज उघडताना रबरी चपला घालायच्या, बाथरूमचं बटण लाकडी उलथन्यानं दाबायचं, मिक्सर लावण्याआधी "मिक्सर!" अशी आरोळी ठोकायची म्हणजे इस्त्री करणारा इस्त्री बंद करतो, हे सगळं घरात पाढ्यांसारखं पाठ होतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, शॉक बसल्याची तक्रार केली की सर पेपरातून डोकं वर न काढता म्हणत, "मनाचे खेळ आहेत ते."

पण दहा महिन्यांच्या नातीला पाढे येत नव्हते. रांगायला लागली आणि तिसऱ्याच दिवशी एका सैल सॉकेटात बोट घालताना सापडली. सुनेनं तिला उचललं, बॅग भरली आणि दारातून एवढंच सांगितलं, "बाबा, घर सुरक्षित आहे असं वायरमन लिहून देईल, त्या दिवशी आम्ही येऊ."

त्याला तीन आठवडे झाले. तीन आठवडे सरांचा पेपर कुणी फाडला नव्हता, आणि अख्खा पेपर वाचून काही हाती लागत नाही हे त्यांना या वयात कळलं. शेवटी त्यांनीच वायरमनला फोन केला. आठ दिवसांत त्यानं जुन्या वायरी उपसल्या, अर्थिंग केलं आणि नवा बोर्ड बसवला. त्यात एक खास खटका होता. घरात कुठेही वीज गळायला लागली की क्षणात सगळा पुरवठा बंद करणारा. आज पाच वाजता सून आणि नात यायची होती, आणि हा खटका सकाळपासून धडाधड पडत होता.

"काकू, फ्रिज काढा," वायरमन म्हणाला.

"माझा फ्रिज काही करत नाही."

"इतकी वर्षं चपला घालून उघडताय त्याला, आणि करत नाही म्हणता?"

फ्रिज काढला. मग मिक्सर, इस्त्री, टीव्ही, धुण्याचं मशीन. एकेकाला तपासून वायरमननं हॉलमध्ये रांगेत उभं केलं. सगळे निर्दोष सुटले.

"मी जरा आडवा होतो," म्हणून सर आपल्या खोलीत गेले.

इथे सरांची एक भानगड सांगायला हवी. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्यापासून काकू त्यांना दिवसातून दोनच कप चहा देत, आणि सरांच्या मते तो चहा नसून गरम पाणी होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी सरांनी गुपचूप आपल्या लोखंडी कपाटामागे एक पॉइंट काढला. वायर स्वतःच जोडली. तिथे कपाटाआड एक जुनी विजेची किटली होती, तिच्या वायरीला तीन ठिकाणी काळी टेप गुंडाळलेली. कपाटात पुस्तकांमागे चहाची पूड आणि साखरेचा डबा. कामाच्या पहिल्याच दिवशी वायरमननं विचारलं होतं, "सर, कपाट सरकवू का?" आणि सर शाळेतल्या आवाजात गरजले होते, "त्या भिंतीत काही नाही!" यावर विद्यार्थी काय बोलणार? "बरं सर," म्हणून त्यानं ती भिंत तशीच सोडली.

आज टेन्शन आलं की सर किटली लावत. खटका पडे. टेन्शन वाढे. थोड्या वेळानं सर पुन्हा किटली लावत. पहिल्या तीन वेळा त्यांना वाटलं, वायरमन बाहेर काहीतरी करतोय. पण चौथ्यांदा बटण दाबताना त्यांची नजर पंख्यावर होती, तो त्याच क्षणी थांबला, आणि गणिताच्या मास्तरला त्याहून जास्त पुरावा लागत नाही.

बाहेरून वायरमनचा आवाज आला. रांगेतल्या फ्रिज-मिक्सरला तो म्हणत होता, "ज्यानं केलं असेल त्यानं स्वतःहून उभं राहावं. शिक्षा होणार नाही."

हे वाक्य सरांचंच होतं.

तेवढ्यात सुनेचा फोन आला. "निघतोय हं बाबा. झालं ना सगळं?"

"झालंच," सर म्हणाले. हिशोब सोपा होता. किटलीचा प्लग काढायचा, तोंड मिटून बसायचं, खटका पुन्हा पडणार नाही, वायरमन चिठ्ठी लिहील. कुणाला कळणारही नाही.

प्लग काढायला ते गुडघ्यांवर बसले आणि कपाटामागे हात घातला. टेप सुटली होती, आतली तांब्याची तार उघडी पडली होती, भिंतीवर काळा डाग होता. आणि त्या तारेपासून वीतभर अंतरावर एक इवलासा गुलाबी मोजा पडला होता. तीन आठवड्यांपूर्वी घरभर शोधलेला. म्हणजे नात इथवर येऊन गेली होती.

मोजा मुठीत धरून ते हॉलमध्ये आले आणि फ्रिजच्या शेजारी, रांगेत उभे राहिले.

"मी केलं," ते म्हणाले. "त्या भिंतीत पॉइंट आहे. किटलीही आहे."

काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"शिक्षा होणार नाही म्हणालास ना?" सरांनी हळूच विचारलं.

"सर, तुम्हीही म्हणायचात," वायरमन म्हणाला. "आणि मग पट्टी काढायचात. चला, कपाटाला हात लावा."

कपाट सरकलं, पॉइंट कायमचा बंद झाला, किटली भंगारात गेली. मग मिक्सर, इस्त्री आणि मशीन एकदम लावून पाहिलं. खटका जागचा हलला नाही. काकूंनी सवयीनं "मिक्सर!" अशी आरोळी मात्र ठोकलीच.

पाच वाजता सुनेनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि नात आजोबांच्या मांडीवर दिली. तिनं लगेच पेपर फाडायला घेतला. सरांनी दुसरं पानही तिच्या हातात दिलं. काकूंनी चहा आणला.

एक घोट घेऊन सरांनी उसासा सोडला. "आता हाच फिका चहा जन्मभर. खऱ्या साखरेचा चहा काय असतो ते माझ्या किटलीलाच ठाऊक."

"अहो, दोन वर्षांत तो साखरेचा डबा कधी रिकामा झाला का?" काकूंनी विचारलं.

सर कप हातात धरून विचार करू लागले. खरंच झाला नव्हता.

"किटलीचं माहीत असतं तर केव्हाच फेकली असती. पण पुस्तकं पुसताना डबा सापडला होता मला. डॉक्टरांनी सांगितलेली बिनसाखरेची गोड पूड भरत होते मी त्यात, दर पंधरा दिवसांनी. खरी साखर तुमच्या या फिक्या चहातच असते, अर्धा चमचा."

"अगं, पण त्या चहाची गोडी..."

"मनाचे खेळ आहेत ते," काकू म्हणाल्या, आणि अनवाणीच फ्रिज उघडायला गेल्या.