तारूचा डबा

नाबेआजीचा राग तसा बाराही महिने तयार असे; पण युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी त्याला उकळी फुटे. त्यात यंदा ओकिनावातल्या युद्धसंग्रहालयात नवा रखवालदार आला होता.

"आजी, आत डबा चालत नाही."

"मग माझ्या भावानं काय उपाशी राहायचं?"

भाऊ म्हणजे भिंतीवरचा फोटो. गुहेतून बाहेर काढलेला पाच-सहा वर्षांचा पोर, खाली पाटी: 'नाव अज्ञात'. गेली कित्येक वर्षं आजी त्याच्यापुढे डबा उघडून बसे आणि जुना रखवालदार तेवढ्यापुरता पाय मोकळे करायला जाई. लढाईत हरवलेल्या त्या भावाचा, तारूचा, दुसरा फोटोच नव्हता. घरदार सगळं तेव्हाच जळालेलं.

आजीनं रखवालदाराला कोपरानं सारलं, फोटोसमोर बसकण मारली, डुकराचं मांस आणि तळलेला टोफू मांडला, पुढे काळ्या उदबत्त्या ठेवल्या.

"आजी, आग लागेल."

"पेटवल्यात का मी? न पेटवताही गेलेल्यांना पोचतात त्या. तुझ्या आईनं काहीच शिकवलं नाही का तुला?"

"आई, जरा हळू बोला," सून मित्सुए पुटपुटली.

"का म्हणून? इथे अख्खी लढाई टांगून ठेवलीय, ती चालते. माझा आवाज तेवढा खुपतो."

झालं. स्मरणदिनाला आलेल्या बाकीच्या कुटुंबांना वाटलं, यंदा परवानगी मिळाली. बघता बघता दालनभर चटया पसरल्या, डबे उघडले, तोफगोळ्यांच्या कपाटावर कुणी चहाचा थर्मास टेकवला. रडकुंडीला आलेला रखवालदार संग्रहालयाच्या साहेबांना घेऊन आला.

"हा तुमचाच भाऊ कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"बहिणीला विचारतोस कशावरून? आधी ती पाटी बदल. तारू नाव त्याचं."

"माफ करा," मागून एक म्हातारा म्हणाला. मियाहिरा नाव त्याचं, ओसाकाहून प्रथमच आला होता. "तो मी आहे."

त्यानं भुवईवरचा व्रण दाखवला. फोटोतल्या पोरालाही तो होता, तिथेच, तसाच.

तारूला व्रण नव्हता. आजीला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पळापळीत लागलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

"इतकी वर्षं कुठे मेला होतास?" आजी कडाडली. "मी इथे उन्हातान्हात डबे वाहतेय, आणि हा ओसाकात मजेत."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "चुकलं, ताई."

आजीनं डबा त्याच्यापुढे सरकवला.

"बस खाली. जेव. आणि डब्यात काही उरवलंस तर बघ."