अण्णांच्या पत्त्या

अण्णांविषयी लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता ते नाहीत.

झाशीच्या सिव्हिल लाइन्समधले हे आमचे शेजारी, रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, क्लॅरिनेट वाजवणारे. क्लॅरिनेटच्या माउथपीसवर वेताची पातळ पत्ती बांधतात, तिच्या थरथरण्यातून सूर निघतो. अण्णा ही पत्ती लग्नाच्या मुलीसारखी पारखत. जिभेवर भिजवत, उजेडापुढे धरत, मग फुंकून बघत.

"माउथपीस म्हणजे सासर," ते म्हणत. "ते बदलत नसतं. सूनच बघून आणावी."

"आणि सासर खाष्ट असलं तर?" त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आतून विचारत.

"तुला काही त्रास झाला?"

"पत्तीला विचारा!"

सदर बाजारातला वाद्यं विकणारा बाजेवाला त्यांना पाहताच पत्त्यांचा डबा पुढे सरकवी. "आइए बाबूजी, आज भी लड़की देखने आए हो?" अण्णा एकेक पत्ती लावत. "ही तोंडाळ. ही रुसकी. हिला दम फार लागतो, हिचं मऊरानीपुरात कुठेतरी जमवा."

इथे मराठी घरं मोजकीच. मुलांना आरतीचे शब्द धड येत नाहीत, पण अण्णांचा सूर लागला की तीही मागोमाग म्हणत. वर्षभर अण्णा जगत ते गणपतीतल्या त्या आरत्यांसाठी.

एका वर्षी स्थापनेच्या सकाळी मी वाद्य मांडवात न्यायला त्यांच्या घरी गेलो. अण्णा अंघोळीला, वहिनी अंगणात दुर्वा निवडत होत्या. आमच्या दोन्ही घरांत उष्ट्याखरकट्याचं फार. मनात आलं, रोज तोंडात जाणारी वस्तू देवापुढे कशी चालेल? चुलीवर आधण उकळत होतं. मी माउथपीस त्यात बुडवला. काळं कडक रबर हिरवट पडलं, गंधकासारखा वास सुटला. घाबरून मी खोबरेल चोळून ते काळं केलं आणि गुपचूप जागेवर ठेवलं.

त्या संध्याकाळी पत्ती किंचाळली. अण्णांनी दुसरी लावली, तिसरी लावली. शेवटी आरती नुसत्या टाळ्यांवर झाली.

"हल्ली पत्त्याच वाईट येतात," अण्णा म्हणाले. पुढच्या गणपतीतही तेच म्हणाले. नंतर त्यांनी क्लॅरिनेट कपाटावर ठेवून दिलं.

न राहवून मी नवा माउथपीस घेऊन गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. अण्णांनी तो हातात फिरवला आणि आवाज खाली आणला.

"बाजेवाल्याने मला तेव्हाच सांगितलं होतं, बाबूजी, किसी ने उबाल दिया है, टेढ़ा हो गया है. हिचं सोवळं तुला ठाऊक आहे ना? देवासाठी म्हणून केलं असेल बिचारीने. मी कधी विचारलं नाही. कळलं तर जिवाला लावून घेईल. तूही बोलू नकोस."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. मी कप उचलला, घसा साफ केला. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"चहा छान झालाय, वहिनी," मी म्हणालो.