देव बोलतोय

समरचा फोन ट्रॅकसूटच्या खिशात होता आणि ट्रॅकसूट वॉशिंग मशीनमध्ये, चाळीस डिग्रीवर. वरदाच्या हे लक्षात आलं तेव्हा काचेमागे फोन तिसऱ्यांदा वर येऊन फेसात गडप झाला होता.

"आई! माझी फोन!" समर ओरडला.

"माझा फोन," वरदानं सवयीनं सुधारलं आणि मग मशीनच्या काचेला नाक लावलं. "अरे देवा! खरंच फोन!"

मशीनचं दार धुणं संपल्याशिवाय उघडणार नव्हतं. अजून पन्नास मिनिटं होती.

दुसरा कुठलाही दिवस असता तर एवढं बिघडलं नसतं. पण हा जानेवारीतला तो गुरुवार होता. समर देव, वय सत्तावीस, कार्डिफमध्ये वाढलेला. शाळेत क्रिकेटची बॉलिंग करायचा, पुढे स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथे कुणीतरी त्याच्या हातात बेसबॉल दिला. आता तो एका मोठ्या व्यावसायिक क्लबचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा होता. पाठीवर 'देव' लिहिलेलं असायचं आणि तिकडे सगळे त्याला देवच म्हणायचे. सीझन संपल्यामुळे तो आईवडिलांकडे आला होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या पगाराचा निकाल त्या संध्याकाळी सहाला लागायचा होता.

तिकडची रीत अशी, की खेळाडू आपला आकडा सांगतो आणि क्लब आपला. समरनं मागितले होते चोवीस लाख डॉलर, क्लब एकोणीसवर अडला होता. सहाच्या आत मधेच कुठेतरी जमलं तर ठीक. नाही तर बोलणी कायमची बंद आणि थेट सुनावणी. तिथे तीन लवाद बसतात आणि दोन आकड्यांपैकी एक उचलतात. अधलंमधलं काही देत नाहीत.

समरला पैसे बुडण्याची भीती नव्हती. भीती होती ती सुनावणीची. तिथे क्लबचा वकील खेळाडूला समोर बसवून त्याच्या एकेक चुका वाचून दाखवतो. गेल्या वर्षी त्याचा एक मित्र अशा खोलीतून पाच तासांनी बाहेर आला आणि हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये डोक्यावर टॉवेल घेऊन बसून राहिला. म्हणून समरनं आपल्या एजंटला, लेनर्डला, सांगून ठेवलं होतं, वीस मिळाले तरी घे, पण मला त्या खोलीत बसवू नकोस.

यातलं त्यानं घरी काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाबांनी सल्ला दिला असता.

त्यानं आईच्या फोनवरून एजंटच्या ऑफिसला फोन लावला, रिसेप्शनवर निरोप ठेवला, 'देवचा फोन बंद आहे, घरच्या लँडलाइनवर बोला,' आणि नवा फोन आणायला गावात निघाला.

"बाबा, माझ्यासाठी फोन आला तर घ्या हं. मी साडेतीनपर्यंत येतो."

"हो, हो," मोहनराव म्हणाले. ते ड्राइव्हवेवर वाकून गाडीच्या टायरचा फोटो काढत होते.

मोहनराव देव कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, पार्किंग विभागातून निवृत्त झाले होते. पार्किंगच्या दंडाविरुद्ध लोक अपील करायचे, ती अपिलं वाचून मंजूर किंवा नामंजूर करणं हे त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. कुणाची आजी आजारी असायची, कुणाचं घड्याळ मागे असायचं. मोहनराव एकच विचारायचे, "पुरावा?" त्या दिवशी सकाळीच त्यांनी आपली चौदा वर्षांची निळी गाडी एका वेबसाइटवर विकायला ठेवली होती. किंमत चोवीसशे पौंड.

पावणेचारला लँडलाइन वाजली. वरदा रात्रपाळी करून आली होती. ती वर झोपायला गेली होती.

"मिस्टर देव?"

"देव बोलतोय," मोहनराव म्हणाले. ऑफिसात अठ्ठावीस वर्षं ते असेच बोलत आले होते.

"हाय! मी कोर्टनी, ऑफिसातून. लेनर्ड दुसऱ्या डीलमध्ये अडकलाय, त्याच्याशी धड बोलणंही झालेलं नाही, म्हणून तुमचं मी बघतेय. आपण पहिल्यांदाच बोलतोय. तर आपण टू-फोर मागितलेत. ते टू-ओ-फाइव्हपर्यंत आलेत."

उच्चार अमेरिकन होते. हल्ली वेबसाइटवाले कुठूनही फोन करतात हे मोहनरावांना ठाऊक होतं. आपली बाजू मांडायला त्यांनी एक बाई दिली आहे, हे त्यांना आवडलं. पण दोन हजार पन्नास?

"एवढे कमी का?"

"नेहमीचीच कारणं. माइलेज फार झालंय म्हणतात. दोन वर्षांपूर्वीचं ते रिपेअर काढलं. आणि थंडीत सुरुवात अडखळत होते, असं त्यांचं म्हणणं."

कोर्टनी समरच्या हाताबद्दल आणि कोपराच्या ऑपरेशनबद्दल बोलत होती. मोहनरावांच्या डोळ्यांसमोर क्लच होता.

"पुरावा आहे त्यांच्याकडे?"

"सर?"

"गेल्या महिन्यात इथे बर्फ पडला. तीन दिवस. रोज सकाळी पहिल्या फटक्यात स्टार्ट!"

"बर्फात? तुम्ही बर्फातही प्रॅक्टिस करता?"

"रोज बाहेर काढतो. आणि रिपेअरनंतर एक दिवस खाडा नाही, सगळे कागद जपून ठेवलेत. शिवाय पहिल्यापासून मालक एकच."

"हो, मालक एकच, एकनिष्ठ," कोर्टनी लिहून घेत म्हणाली. "सर, हे फार चांगलं आहे. हे मी त्यांना सांगते. मग तुमचा शेवटचा आकडा?"

"टू-फोर. एक पेनी कमी नाही."

"पण सहानंतर ते बोलणारच नाहीत."

"नाही बोलले तर न बोलोत. मला कुणी घाई केलेली आवडत नाही. आणि एक लक्षात ठेवा. घरातलं दुसरं कुणी फोनवर 'चालेल, देऊन टाका' म्हणालं तर धरू नका. आमच्याकडे सगळे मऊ आहेत. व्यवहार मी बघतो."

"येस सर," कोर्टनी म्हणाली. तिच्या आवाजात आदर होता.

पावणेपाचला पुन्हा फोन. "टू-वन-फाइव्ह, सर. फार कष्टानं आणलंय. खरं सांगू? ही माझी पहिलीच केस आहे."

"बाई, मी आयुष्यभर लोकांची रडगाणी वाचली. टू-फोर," असं म्हणून मोहनरावांनी फोन ठेवला आणि स्वतःसाठी आल्याचा चहा टाकला. निवृत्तीनंतर इतकी चांगली दुपार त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

समर आला तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. दुकानात रांग होती, मग ओळखपत्राची भानगड झाली, मग बस अडकली. नवा फोन हातात होता, पण जुना नंबर त्यावर चालू व्हायला उद्या दुपार होणार होती. वरदाही डोळे चोळत खाली आली.

"बाबा, कोणाची फोन आली?"

"तुझा नाही आला. माझे आले दोन. गाडीला टू-वन-फाइव्हपर्यंत चढलेत. मी म्हटलं, टू-फोर. एक अमेरिकन मुलगी आहे, कोर्टनी म्हणून. हुशार वाटली. लेनर्डच्या ऑफिसातली."

समरच्या हातातून नव्या फोनचा खोका निसटला.

"बाबा. लेनर्ड माझी एजंट आहे."

"माझा एजंट," वरदा म्हणाली.

"आई, प्लीज!"

मग त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पगार, सहाची वेळ, लवाद, ती खोली. मराठी पुरेना तिथे इंग्रजी घातली. मोहनराव ऐकत होते, पण त्यांचं मन एकाच ठिकाणी अडकलं होतं.

"म्हणजे गाडीचे नव्हते ते," ते हळूच म्हणाले. "मग टू-वन-फाइव्ह म्हणजे... किती?"

"मिलियन, बाबा. डॉलर्स."

मोहनराव जिन्याच्या पायरीवर बसले.

"साडेएकवीस लाख डॉलरना तुम्ही नाही म्हणालात?" वरदानं विचारलं.

"आधी साडेवीसला म्हणालो," मोहनराव म्हणाले. "मग साडेएकवीसला."

पावणेसहा. समरनं लँडलाइनवरून १४७१ लावून शेवटी आलेल्या फोनचा नंबर विचारला. नंबर उपलब्ध नाही, असं एका बाईनं शांतपणे सांगितलं. लेनर्डचा नंबर पाण्यातून निघालेल्या फोनमध्ये. ईमेल उघडायला गेला, तर कोड त्याच फोनवर जाणार.

"अरे, सिम काढून माझ्या फोनात घाल ना," वरदा म्हणाली.

"ई-सिम आहे गं! काढायला काही नाहीच आहे!"

शेवटी वरदाच्या फोनवरून पुन्हा रिसेप्शन. तिथे पियानो वाजत होता. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं दर अर्ध्या मिनिटाला सांगून पियानो पुन्हा वाजायला लागे. पाच पन्नास. पाच त्रेपन्न. समर स्वयंपाकघर ते हॉल येरझाऱ्या घालत होता आणि उजवं कोपर डाव्या हातानं चोळत होता. मोहनराव पायरीवरून हलले नव्हते. त्यांनी इतक्या लोकांना नाही म्हटलं होतं, पण त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. सगळं कागदावर व्हायचं.

पाच छप्पन्नला लँडलाइन वाजली. समरनं झडप घालून स्पीकर लावला.

"कोर्टनी? देव बोलतोय! यस! माझं यस आहे, जे असेल ते!"

"सॉरी, तुम्ही कोण?"

"देव! समर देव!"

"मिस्टर देवशी मी दुपारपासून दोनदा बोललेय," कोर्टनी थंडपणे म्हणाली. "हा त्यांचा आवाज नाही. आणि घरातलं कुणी मधे येऊन हो म्हणेल, तर धरू नको, असं त्यांनी मला स्पष्ट बजावलंय. क्लब टू-थ्रीवर आलाय. प्लीज, मिस्टर देवना द्या. तीन मिनिटं राहिलीत."

समरनं जन्मतारीख सांगितली, जर्सीचा नंबर सांगितला. "हे सगळं इंटरनेटवर आहे, सर," कोर्टनी म्हणाली.

समर वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्हीच बोला. फक्त यस म्हणा."

"पण हे खोटं होईल. मी तू नाही."

"बाबा, माझीच हो आहे ती! तुम्ही फक्त सांगायची!" त्यानं रिसीव्हर पुढे धरला. "मला त्या खोलीत नाही बसायचं."

मोहनरावांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, उठले आणि रिसीव्हर घेतला.

"देव बोलतोय."

"ओह, थँक गॉड! सर, टू-थ्री. हो की नाही?"

मोहनरावांनी तोंड उघडलं. दुपारी दोन-तीनशे पौंडांसाठी ज्या गळ्यातून वाघासारखा आवाज निघाला होता, त्या गळ्यातून तेवीस लाख डॉलरसाठी काही निघेना. ओठ हलले, हवा आली, आवाज आला नाही.

"सर?"

शांतता. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं.

"सर, मला कळतंय तुम्ही नाराज आहात. एक सेकंद. एकच सेकंद थांबा!" पलीकडे धावल्याचा आवाज आला, दार आपटलं, कुणीतरी कुणावर तरी ओरडलं.

"बाबा, यस! यस!" समर कुजबुजत होता. मोहनरावांनी मान हलवली, पण टेलिफोनवर मान दिसत नाही.

पाच एकोणसाठ. कोर्टनी धापा टाकत परतली. "टू-थ्री-फाइव्ह! हे शेवटचं, मिस्टर देव, याच्यापुढे ते खरंच जाणार नाहीत. चाळीस सेकंद आहेत. प्लीज!"

वरदा पुढे झाली. तिनं तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल दिली होती; टेबलावर आडवा होताना माणूस कसा आखडतो हे तिला ठाऊक होतं. तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, माझ्याकडे बघा. नाकानं श्वास घ्या. घ्या, घ्या, अजून. छान. आता तोंडानं सोडा."

मोहनरावांनी श्वास सोडला आणि त्याच्याबरोबर, जेमतेम ऐकू येईल असा, एक शब्द बाहेर पडला.

"यस."

पलीकडे कोर्टनीची किंकाळी आणि टाळ्या. मग ती पुन्हा आली. "झालं, सर! वेळेत झालं! एक सांगू? इतका कठीण माणूस मी पाहिला नाही. ती शेवटची शांतता... मी जन्मभर विसरणार नाही."

"मीही नाही," मोहनराव म्हणाले आणि फोन ठेवला.

समर जमिनीवरच भिंतीला टेकून बसला होता. वरदानं चहाचं आधण ठेवलं. मोहनराव मुलाशेजारी, गुडघे सांभाळत, खाली बसले.

"समर, त्या खोलीत काय वाचणार होते रे ते तुझ्याबद्दल?"

समरनं बोटांवर मोजलं. "थंडीत बॉल कंट्रोल नाही. शेवटच्या ओव्हर... म्हणजे इनिंगमध्ये घाबरतो. नऊ मॅच माझ्यामुळे हरली. आणि वाईट बॉल पडलं की मी कोचकडे बघतो, लहान मुलासारखा."

"पुरावा आहे त्यांच्याकडे?"

"व्हिडिओ आहे, बाबा. सगळ्याचा."

मोहनरावांनी डोळे मिटून सगळं नीट तोलून पाहिलं.

"मग साडेतेवीस लाख," ते म्हणाले, "थोडे जास्तच दिले की रे त्यांनी."

समरनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तो हसायला लागला; इतका, की वरदाला गॅस बंद करून बाहेर यावं लागलं.