दिवेलागणीचा करंट

आमचे शेजारी बाबारावजी घराबाहेर पडताना विजेच्या मीटरकडे एकदा रोखून बघतात, आणि परत आल्यावर पुन्हा. आपल्यामागे हा काहीतरी उद्योग करतो, असा त्यांना दाट संशय आहे.

जन्म गेला अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर. कापसात पाणी मारणारे पाहिले, काट्याला हळूच पाय लावणारेही पाहिले. पुढे कापसाचे वाईट दिवस आले, जिनिंग बंद पडलं, काटा भंगारात गेला. संशय तेवढा त्यांच्यासोबत घरी आला. आमच्या घरून करंज्या गेल्या तरी ते आधी विचारतात, ‘‘मेख कुठं हाय?’’

पुण्याच्या मुलानं त्यांना विजेवरची चारचाकी घेऊन दिली आहे. तिचं तोंड सदा फाटकाकडे, बॅटरी सदा काठोकाठ भरलेली, आणि जाणं कुठंच नाही. असल्या गाडीला काय म्हणावं?

मध्यंतरी कॉलनीत वीजवाल्यांची सभा झाली. एका तरुण इंजिनियरनं समजावलं की संध्याकाळी कूलर, टीव्ही सगळं एकदम चालतं, लाईनवर ताण येतो. त्या वेळी उभ्या गाड्यांच्या बॅटरीतून थोडी वीज कॉलनीला घ्यायची, आणि रात्री ताण उतरला की गाड्या पुन्हा भरून द्यायच्या. मला योजना फार पटली. माझ्याकडे गाडी नाही, म्हणून जरा जास्तच पटली.

बाबारावजींनी एवढंच विचारलं, संध्याकाळी म्हणजे नेमकं केव्हा? दिवेलागणीला, इंजिनियर म्हणाला.

‘‘सापडली मेख,’’ बाबारावजी उठले. ‘‘दिवेलागणीले आमी घरातून विरजण देत नाई, मीठ देत नाई. करंट काहून देऊ?’’

बिचारा इंजिनियर पुण्याकडचा असावा. त्याला विरजणाचा आणि विजेचा संबंध शेवटपर्यंत लागला नाही. मी मात्र महिनाभर बाबारावजींना ‘विरजणवाले’ म्हणून चिडवलं.

मे महिन्यात माझी मुलगी बाळंतपणाला आली. नात जेमतेम पंधरवड्याची असताना ऐन तिन्हीसांजेला कोपऱ्यावरच्या डीपीचा फ्यूज उडाला. कूलर थांबला, घराची भट्टी झाली. पोर रडून लालबुंद झाली आणि दूधही घेईना. बायको म्हणाली, शेजारी विचारा. या वेळेला तो माणूस मीठ देत नाही, मी म्हणालो, वीज कुठली देतो?

तेवढ्यात कंपाउंडवरून काळी वायर घरंगळत आली. मागून बाबारावजींचं डोकं.

‘‘मास्तर, गाडीचा करंट हाय, कूलरची पिन यात घाला. पण पहिले वाटीभर साखर आणा. या वेळी काई घेतल्याबिगर देता येत नाई.’’

मला राग आला आणि हसूही. साखर दिली. कूलर सुरू झाला, हळूहळू पोर शांत झाली. आभार मानायला गेलो तर बाबारावजी गाडीत बसलेले, साखरेची वाटी शेजारच्या सीटवर.

आज शास्त्र मोडलंत की, मी म्हणालो. ते समोर फाटकाकडे बघत राहिले.

‘‘आपली जुनी व्हॅन व्हती ना, ते एकानं दिवेलागणीलेच मांगली. तुमची वहिनी नको म्हणत व्हती, म्या देली. त्याच संध्याकाळी तिले धाप लागली. ऑटो भेटेपर्यंत...’’

त्यांनी साखरेची वाटी सीटवर नीट सरळ केली. मग म्हणाले, ‘‘तवापासून गाडी भरून ठेवतो. कोणासाठी, ते मले बी माहीत नाई.’’

मला त्यांच्याकडे बघवेना. विरजणवाले म्हणून आपण कुणाला हसत होतो, ते उमगलं आणि फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं कॉलनीत दिवे आले. मी वायर काढायला वाकलो, तर त्यांनी गाडीची काच खाली केली.

‘‘राहू द्या, मास्तर. लाईनचा काई भरोसा नाई. पोरगी झोपली हाय.’’